लॅडर फ्रेमला खाच घेणे: सस्पेन्शन आणि स्टेअरिंगच्या जागेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा जवळ आला की सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि गोव्याच्या लाल चिखलात गाडी उतरवणाऱ्यांचे तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. लिफ्ट केल्यावर (गाडी उंच केल्यावर) काहीतरी चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, आपटते आणि फॅब्रिकेटर म्हणतो, ‘इथे थोडे कापू या.’ हे पान त्या ‘थोडे कापू या’विषयी आहे. उदाहरणे मुख्यतः मारुती जिप्सीची घेतली आहेत, कारण सर्वाधिक प्रश्न तिच्याबद्दलच येतात.

१. चेसीला खाच घेणे म्हणजे नेमके काय करतात?

लॅडर फ्रेम म्हणजे शिडीसारखी चेसी: दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. चाक दगडावर चढून वर ढकलले गेले की अ‍ॅक्सल (डावे-उजवे चाक जोडणारा आडवा दांडा) आणि त्याच्याबरोबर टाय रॉड (पुढची दोन्ही चाके एकत्र वळवणारा दांडा) व ड्रॅग लिंक (स्टेअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) रेलच्या खालच्या कडेकडे येतात. तिथे जागा कमी पडत असेल तर रेलचा खालचा तेवढा भाग कापून काढतात आणि उघड्या पडलेल्या कडेवर वाकवलेली पट्टी किंवा अर्धा चिरलेला जाड पाइप वेल्ड करून रेल पुन्हा बंद करतात. त्यावर बाजूने प्लेटा लावून गेलेली ताकद भरून काढतात. कापणे, बंद करणे आणि प्लेट लावणे ही तिन्ही कामे मिळून खाच पूर्ण होते. पहिलेच काम करून वर काळा रंग मारलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या रस्त्यावर धावत होत्या याची मला आजही काळजी वाटते.

२. माझ्या गाडीला खाच लागेलच, हे कसे ओळखायचे?

गाडी सपाट जमिनीवर उभी असताना दिसणाऱ्या फटीवरून काहीही ठरवू नये. गाडी चेसीखाली घोड्या (जॅक स्टँड) लावून उचलावी, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत मुख्य पाटा ठेवून बाकीचे पाटे काढावेत, कॉइलच्या गाडीत कॉइल काढावी, आणि अ‍ॅक्सलखाली जॅक लावून तो बंप स्टॉपला (वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत वर न्यावा. आधी दोन्ही चाके सारखी वर न्यावीत, नंतर एक वर आणि एक खाली ठेवावे, आणि प्रत्येक स्थितीत स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. जिथे लागेल असा संशय असेल तिथे रेलला मळलेल्या मातीचा गोळा चिकटवावा. तो दाबला गेल्यावर उरलेली जाडी म्हणजे खरी फट. बंप स्टॉपचे रबर पूर्ण चेपल्यावरही १५ ते २० मिलिमीटर फट उरावी, असे माप मी धरतो, कारण जोराच्या आदळण्यात बुश आणि पाटे आणखी थोडी जागा खातात. या तपासणीला एक पूर्ण दिवस जातो, पण ती केल्यावर बऱ्याच जणांचे कापण्याचे काम रद्द होते.

३. कापण्याआधी कोणते पर्याय तपासावेत?

सर्वांत सोपा पर्याय बंप स्टॉप खाली आणण्याचा आहे. अ‍ॅक्सलची वरची हालचाल २० मिलिमीटरने कमी झाली आणि त्यामुळे आपटणे थांबले, तर तेवढी हालचाल गमावणे हा चेसी कापण्यापेक्षा नेहमीच स्वस्त सौदा आहे. शॅकलची (पाट्याचे टोक चेसीला जोडणाऱ्या कडीची) लांबी बदलणे, अ‍ॅक्सल पाट्यावर थोडा पुढे सरकवणे किंवा नकलवरचा (चाकाबरोबर वळणाऱ्या भागावरचा) आर्म वेगळ्या उंचीचा घेणे हे त्यानंतरचे उपाय. अ‍ॅक्सल पुढे नेल्यास ड्रॅग लिंक, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट आणि मडगार्ड हे सगळे पुन्हा तपासावे लागते.

ड्रॅग लिंकला वाक देऊन ती अडथळ्यावरून नेण्याचा पर्याय बरेच जण विचारतात. सरळ रॉड फक्त ओढला किंवा दाबला जातो. वाकवलेला रॉड त्याच वेळी लवतो आणि स्वतःभोवती फिरण्याचा प्रयत्नही करतो. त्यामुळे वाकवायचाच असेल तर मूळ रॉड तापवून वाकवू नये. जाड भिंतीच्या अखंड नळीचा नवा रॉड थंड अवस्थेत वाकवून घ्यावा. स्टेअरिंगचा रॉड मधोमध कापून वेल्डने लांब करणे मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही.

४. जिप्सीचे पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतले. आता स्टेअरिंगचे रॉड लागतात. असे का होते?

जिप्सीला मूळ रचनेत चारही चाकांना पाटे आहेत आणि ते अ‍ॅक्सलच्या खालून जातात. तेच पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसवले की अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून गाडी साधारण पाच इंच वर जाते. नवे पाटे घ्यावे लागत नाहीत, म्हणून हा बदल लोकप्रिय झाला. पण स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंग फिरवल्यावर ड्रॅग लिंक ढकलणारी गिअरची पेटी) चेसीबरोबर वर जातो आणि नकल अ‍ॅक्सलबरोबर खाली राहते. त्यामुळे ड्रॅग लिंक तिरकी होते आणि आता वर आलेल्या पाट्यावर घासू लागते.

त्यावर उपाय म्हणून टाय रॉड व ड्रॅग लिंक पाट्यांच्याही वरून नेणारे उंच आर्म बसवतात. ड्रॅग लिंक सपाट होते, दगडांपासून रॉड वाचतात आणि हा उपाय मला तत्त्वतः पटतो. मात्र आता रॉड रेलच्या खालच्या कडेजवळ आले, आणि अ‍ॅक्सल पूर्ण वर गेला की ते तिथे टेकतात. खाचेचा प्रश्न इथेच उभा राहतो. ज्यांना तेवढी पूर्ण हालचाल खरोखर लागते त्यांनीच खाचेचा विचार करावा. बाकीच्यांना प्रश्न ३ मधील बंप स्टॉप पुरतो. पाटे वर घेतल्यावर ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटरच्या जोराने अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळवटू लागतो आणि पाटे एस आकारात वाकतात, म्हणून फट मोजताना ती स्थितीही धरावी.

५. रॉड तिरका राहिला तर काय बिघडते? लागत तर नाही ना!

लागत नसला तरी बिघडते. ड्रॅग लिंकचे एक टोक चेसीवरच्या बॉक्सला आणि दुसरे अ‍ॅक्सलवरच्या नकलला असते, त्यामुळे अ‍ॅक्सल वर-खाली झाला की खालचे टोक वर्तुळाच्या कमानीत फिरते. रॉड ८०० मिलिमीटर लांब आणि आडवा सपाट असेल, तर चाक ५० मिलिमीटर वर गेल्यावर हे टोक बाजूला दीड मिलिमीटरच सरकते. तोच रॉड २० अंश तिरका असेल तर त्याच उसळीला टोक १६ मिलिमीटर सरकते. नकलवरचा आर्म १५० मिलिमीटरचा धरला, तर स्टेअरिंग हातात घट्ट धरलेले असतानाही चाके सुमारे सहा अंश वळतात. महामार्गावरच्या एका खड्ड्यात गाडी शेजारच्या लेनकडे उडी मारते ती यामुळे.

पॅनहार्ड रॉड (चेसीपासून येणारा, अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) असलेल्या गाडीत ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समांतर आणि शक्य तितक्या सारख्या लांबीचे ठेवले की दोघांची कमान जुळते व हा दोष बराच मिटतो. पाट्यांच्या गाडीत अ‍ॅक्सलची बाजूची जागा पाटेच ठरवतात. तिथे ड्रॅग लिंक सपाट ठेवणे हाच मार्ग उरतो.

६. खाच कुठे घ्यावी आणि किती खोल?

इथे थोडे गणित पाहणे आवश्यक आहे. नुसत्या उभ्या पट्टीची वाकण्याविरुद्धची ताठरता तिच्या उंचीच्या घनाप्रमाणे आणि ताकद वर्गाप्रमाणे बदलते. १०० मिलिमीटर उंचीची पट्टी ७५ ची केली, तर उंची एक चतुर्थांशाने गेली असे वाटते, पण ताठरता सुमारे ४२ टक्के आणि ताकद सुमारे ५६ टक्के उरते. खऱ्या रेलमध्ये बराचसा ताण वरच्या आणि खालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्लँज, उचलतात, आणि खाच घेताना आपण नेमकी खालची फ्लँज तोडतो. ती नव्या कडेवर अखंड परत बसली तरी दोन फ्लँजमधले अंतर कमी झालेले असते. म्हणून बाजूच्या प्लेटा अनिवार्य आहेत, आणि जिथे वर जागा आहे तिथे रेलच्या माथ्यावरही पट्टी द्यावी.

रेलच्या उंचीच्या एक चतुर्थांशापेक्षा खोल खाच मी घेत नाही. त्याहून जास्त लागत असेल तर तो खाचेचा विषय राहत नाही. मग रेलचा तो तुकडा नव्याने वर उचलून बांधावा लागतो, आणि ते काम चेसीचा अनुभव असलेल्या अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

पाट्याचा हँगर, शॅकलचा ब्रॅकेट, क्रॉस मेंबरचा जोड, स्टेअरिंग बॉक्स आणि रेलला मुळातच असलेला वाक या जागांना चिकटून कधीही कापू नये, कारण तिथे ताण आधीच एकवटलेला असतो. दोन्ही रेलना खाच असेल तर ती दोन्हीकडे समोरासमोर आणि सारख्या मापाची ठेवावी.

७. खाचेचा आकार चौकोनी चालेल का? ग्राइंडरने तोच सोपा पडतो.

चालणार नाही. काटकोनी कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. अर्ध्या पाइपची गोल खाच सर्वांत चांगली. चौकोनाकडे झुकणारा आकार घ्यावाच लागला तर आधी कोपऱ्यांवर १० ते १२ मिलिमीटरची भोके पाडावीत आणि मग भोकापासून भोकापर्यंतच कापावे, म्हणजे कोपरा आपोआप गोल राहतो आणि ग्राइंडरची चकती रेषेपुढे जात नाही.

चकती पुढे गेल्यावर काय होते ते मुळशीच्या अलीकडच्या एका शेडमध्ये मी जवळून पाहिले आहे. एका मित्राची दोन पावसाळे चाललेली जिप्सी तिथे धुऊन घोड्यांवर घेतली होती. खाचेवरची वेल्ड दिसायला सुबक होती. वाळल्यानंतर मात्र तिच्या कोपऱ्यातून वर ब्रेक लाइनच्या क्लिपपर्यंत गंजाचा एक तपकिरी ओघळ उमटला. रंग खरवडला तेव्हा खाली काळ्या दोऱ्यासारखा बारीक, चाळीस मिलिमीटर लांबीचा तडा होता. तो ज्या जागी सुरू झाला तिथे चकतीने कोपऱ्यापुढे मारलेला जेमतेम तीन मिलिमीटरचा चरा होता. त्याच मित्राने आदल्या आठवड्यात त्या गाडीतून मुलांना ताम्हिणीला नेले होते.

८. उघडा सी-चॅनेल आणि बंद पेटी, यांत कामात काय फरक पडतो?

जुन्या विलिस पद्धतीच्या जीपच्या रेल बहुतांशी उघड्या सी-चॅनेलच्या, म्हणजे एका बाजूने उघड्या C आकाराच्या, असतात. सी-चॅनेल उभ्या भाराला चांगला असतो पण पिळाला मऊ असतो, आणि त्याची लवचीकता चाके जमिनीला धरून ठेवायला मदतही करते. तिथे खाचेच्या आसपासचा भाग आतून प्लेट लावून बंद करावा. पण बंद केलेला भाग जिथे अचानक संपतो तिथे पिळाचा सगळा ताण येतो, म्हणून प्लेटेचे टोक हळूहळू निमुळते करावे. बंद पेटीच्या रेलमध्ये आतल्या बाजूला हात पोहोचत नाही. तिथे पत्रा पातळ असतो आणि आत साठलेला चिखल व गंज कापेपर्यंत दिसत नाही. हातोडीने ठोकून आवाज बद्द येत असेल तर आधी गंजाचा प्रश्न सोडवावा.

९. प्लेट किती जाडीची आणि वेल्डिंग कसे असावे?

प्लेट रेलच्या पत्र्याइतकी किंवा किंचित जाड असावी. तीन मिलिमीटरच्या रेलला तीन ते चार मिलिमीटर पुरते. आठ मिलिमीटरची प्लेट लावली की ती जागा एवढी ताठ होते की तिच्या कडेला रेल वाकू लागते आणि तडा प्लेटेशेजारी जातो. प्लेट खाचेच्या दोन्ही बाजूंना निदान रेलच्या उंचीइतकी पुढे जावी. तिची टोके माशाच्या तोंडासारखी आत चिरलेली किंवा शंकरपाळ्याच्या टोकासारखी निमुळती असावीत. रेलला आडवी कापणारी उभी सरळ वेल्ड देऊ नये, कारण त्या एका रेषेवर वेल्डच्या उष्णतेने नरम झालेला पट्टा रेलच्या पूर्ण उंचीभर तयार होतो. मधल्या भागात प्लेटेला भोके पाडून ती भोके वेल्डने भरावीत. फ्लँजच्या मोकळ्या कडेवर वेल्ड सुरू किंवा बंद करू नये.

मिग वेल्डिंग (तार आणि वायू वापरून होणारे) शेडमध्ये उत्तम, पण वाऱ्यावर किंवा पंख्याखाली त्याचा वायू उडून जातो आणि वेल्डमध्ये पोकळ्या राहतात. वेल्डिंग रॉडने करायचे तर ७०१८ चा कमी हायड्रोजनचा रॉड वापरावा आणि तो पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे भट्टीत वाळवलेला असावा. जुलैत कोकणातल्या दुकानात उघडे पडलेले पाकीट हवेतला ओलावा शोषून घेते, आणि त्या ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डखाली तडे आणतो. रेलवरचा रंग, ग्रीस आणि जस्ताचा थर आधी पूर्ण साफ करावा. जस्ताचा धूर फुफ्फुसांना अपायकारक असतो. काम छोट्या छोट्या टप्प्यांत, जागा बदलत आणि मध्ये थंड होऊ देत करावे, पाणी कधीही ओतू नये. बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा म्हणजे प्रवाह बेअरिंगमधून जाणार नाही, आणि इंधनाची व ब्रेकची लाइन जवळून जात असेल तर ती सोडवून बाजूला घ्यावी.

१०. वेल्डिंगनंतर चेसी वाकली नाही ना, हे घरच्या घरी कसे तपासायचे?

ओळंबा, खडू आणि मोजपट्टी पुरते. सपाट फरशीवर गाडी घोड्यांवर घ्यावी, चेसीवरच्या मूळ भोकांतून किंवा पाट्यांच्या पिनांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात आणि कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे हवेत. दोन्हींतला फरक तीन मिलिमीटरपेक्षा जास्त निघाला तर मी पुढचे काम थांबवतो. हीच मापे कापण्याआधी घेऊन भिंतीवर लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे, नाहीतर चूक आपली की जुन्या अपघाताची हे कळणार नाही. कापण्याआधी दोन्ही रेलमध्ये तात्पुरता अँगल वेल्ड करून ठेवला तर वाकण्याचा धोका बराच कमी होतो.

११. खाच टाळण्यासाठी स्टेअरिंग बॉक्सच पुढे सरकवला तर?

हा चांगला उपाय ठरू शकतो, पण तो खाचेइतकाच चेसीचा बदल आहे. बॉक्सचे बोल्ट रेलच्या आरपार जातात. पेटीसारख्या रेलला तसेच आवळले तर पत्रा आत चेपतो, बोल्ट सैल पडतात आणि भोकांभोवती तडे जातात. प्रत्येक बोल्टसाठी जाड भिंतीची नळी रेलच्या आरपार घालून दोन्ही बाजूंना वेल्ड करावी आणि बॉक्सच्या मागे प्लेट द्यावी. मोठे टायर लावलेल्या गाडीत दगडात अडकलेले चाक वळवताना बॉक्सवर येणारा जोर मूळ रचनेपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून बॉक्सपासून समोरच्या रेलपर्यंत आडवा आधारही हवा. बॉक्स सरकवल्यावर ड्रॅग लिंकचा कोन प्रश्न ५ प्रमाणे आणि स्टेअरिंग शाफ्टच्या जोडांचे कोन नव्याने तपासावेत.

१२. २०२० नंतरच्या थारला पुढे खाच घेता येईल का?

त्या थारला पुढे आडवा अ‍ॅक्सल नाही. दोन्ही चाके स्वतंत्र आर्म आणि कॉइलवर आहेत, त्यामुळे अ‍ॅक्सलसाठी खाच घेण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे लिफ्टची मर्यादा ड्राइव्ह शाफ्टच्या जोडांचा कोन आणि बॉल जॉइंट ठरवतात. पुढे अखंड अ‍ॅक्सल बसवायचा तर आर्मचे सगळे ब्रॅकेट कापून चेसीचा पुढचा भाग नव्याने रचावा लागतो, आणि ते या पानाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. मागे मात्र अखंड अ‍ॅक्सल आहे, आणि तिथे प्रश्न २ व ३ जसेच्या तसे लागू होतात.

१३. आधीच तडा आहे. त्यावर वेल्ड मारून भागेल का?

वरून मारलेल्या वेल्डखाली तडा जिवंत राहतो. आधी तड्याचे खरे टोक शोधावे. त्यासाठी बाजारात मिळणारा लाल भेदक द्रव आणि पांढरा विकासक द्रव फवारतात, आणि डोळ्याला दिसणाऱ्या टोकापेक्षा तडा बहुधा पुढे गेलेला असतो. टोकावर भोक पाडावे, तडा पूर्ण खोलीपर्यंत व्ही आकारात खरवडावा, तो भरावा, सपाट घासावा आणि वर प्रश्न ९ प्रमाणे प्लेट लावावी. तडा का गेला हे कळल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

१४. हे सगळे कायदेशीर आहे का?

सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी सरळ उत्तर ‘नाही’ असेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो, तो वेगळाच.

चेसी क्रमांक अनेक गाड्यांत रेलवरच, पुढच्या चाकाजवळ कोरलेला असतो. त्या जागेला ग्राइंडर, वेल्ड किंवा प्लेट यांपैकी काहीही लावू नये. जुन्या जिप्सीची पंधरा वर्षांनी नोंदणी नूतनीकरण करताना हाच क्रमांक पाहिला जातो.

१५. गाडी फक्त स्पर्धेसाठी आहे आणि ट्रेलरवरून नेतो. तरीही हे सगळे पाळायचे?

रस्त्याचा प्रश्न ट्रेलरने सुटतो, धातूचा सुटत नाही. गोव्यात २०१४ पासून होत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत गाडी खड्ड्यात आदळते, विंचने ओढली जाते आणि कलंडते, त्यामुळे रेलवर ताण दोन्ही दिशांनी येतो. तिथे प्रश्न ६ ते ९ अधिक काटेकोरपणे पाळावेत. आयोजकांचे तांत्रिक नियम कापण्याआधी वाचावेत. बॉक्स व ड्रॅग लिंक काढून फक्त तेलाच्या दाबावर चालणारे स्टेअरिंग बसवले तर रॉडच्या जागेचा प्रश्न मोठ्या प्रमाणात मिटतो, पण हात आणि चाक यांच्यात कोणताही यांत्रिक दुवा उरत नाही. अशी गाडी बंद मैदानाबाहेर एक किलोमीटरही चालवू नये.

१६. जुनी गाडी घेतोय, तिला खाच आधीच आहे. काय पाहू?

खाचेवर अंडरकोटिंगचा जाड थर असेल तर तो खरवडू देण्याची अट घालावी. विकणारा नकार देत असेल तर गाडी सोडून द्यावी. आत कोपरे गोल आहेत का, बंद करणारी पट्टी अखंड आहे का, प्लेटेची टोके कशी आहेत आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत का हे पाहावे. नंतर कर्ण मोजावेत. एकाच बाजूला घाईने घेतलेली खाच दिसली, तर वाकलेला अ‍ॅक्सल किंवा बसलेले पाटे लपवण्यासाठी ती घेतली आहे का, हे विचारावे.

१७. काम झाल्यावर देखभाल कशी ठेवायची?

खाचेच्या जागी वरून प्रायमर आणि शक्य तितका फिका रंग द्यावा. मी पांढरा देतो, कारण त्यावर गंजाची रेघ लगेच दिसते. पेटीच्या रेलमध्ये आतून मेणाचा फवारा मारावा आणि पाणी निघून जायला खालच्या बाजूची मूळ भोके मोकळी ठेवावीत. किनाऱ्यावर गाडी उतरवली असेल तर त्याच दिवशी रेलच्या आतून गोडे पाणी सोडावे. पहिल्या फेरीनंतर, मग पहिल्या ५०० किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक पावसाळ्याच्या आधी व नंतर गाडी धुऊन घोड्यांवर घ्यावी, टॉर्च तिरकी धरून वेल्डची सगळी टोके पाहावीत, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासावेत, आणि दुसऱ्या माणसाला स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगून बॉक्सजवळची रेल लवते का, ते तिच्यावर बोट ठेवून बघावे.